कास पठारावरच्या दोन शिकारी, दोन घराणी

पाऊस सरत आला की साताऱ्याच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो: कासच्या मांसाहारी फुलांचं कुटुंब. त्यात दवबिंदू आणि सीतेची आसवं शेजारीशेजारी, खाली अख्खी गाय गिळणाऱ्या झाडाचं चित्र. गाय गिळणारं झाड ही शुद्ध थाप. पण दवबिंदू आणि सीतेची आसवं एका कुटुंबातली, हेही तितकंच चूक.

दोघी किडे खातात ते जमिनीमुळे. जांभ्यावरची माती पातळ, पावसाने धुऊन निघालेली, नायट्रोजन-फॉस्फरसची वानवा. ती उणीव किड्यांतून भरून निघते. दवबिंदूच्या पानावरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब असतात. किडा अडकला की शेजारचे केस त्याच्यावर वाकतात. सीतेच्या आसवांचे सापळे ओल्या मातीत दडलेले, बारीक फुगे. फुग्यातलं पाणी झाड बाहेर काढत राहतं, आतला दाब घटतो, आणि किडा तोंडाशी धडकला की दार उघडून तो पाण्यासकट आत ओढला जातो.

गरज सारखी असली की अवयव सारखे होतात, त्यावरून नातं ठरवता येत नाही. नातं ठरतं ते एकाच पूर्वजाकडून आलेल्या बदलांवरून. पोथीची नक्कल करताना पडलेली चूक पुढच्या सगळ्या नकलांत उतरते. दोन प्रतींत त्याच त्या चुका पुष्कळ सापडल्या, तर त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या. डीएनएमधल्या अक्षरांचंही तसंच. एखादं अक्षर दोन झाडांत योगायोगाने सारखं बदलेल. शेकडो ठिकाणी तेच बदल योगायोगाने होत नाहीत. 1992 मध्ये कीटकभक्षी वनस्पतींच्या हरितलवकातलं (पेशीतल्या हिरव्या कणातलं) एक जनुक असं ताडून पाहिलं, तेव्हा त्या वंशवृक्षाच्या वेगवेगळ्या फांद्यांवर विखुरलेल्या निघाल्या.

दवबिंदूचे भाऊबंद राजगिरा, चाकवत, निवडुंग. सीतेच्या आसवांचे तीळ, तुळस आणि त्याच पठारावरची टोपली कारवी. फुलातही खूण दिसते: दवबिंदूच्या पाच पाकळ्या सुट्या, आसवांच्या पाकळ्या जुळून दोन ओठ झालेले.

उलट मेघालयातली घटपर्णी किडे बुडवते पानाच्या कलशात, तरी ती दवबिंदूचीच नातलग. याच फांदीवर अँसिस्ट्रोक्लॅडस हा वेलही आहे. तो सह्याद्रीत वाढतो, पण किडे खात नाही. त्याच्या पूर्वजांनी हा धंदा केला आणि पुढे सोडून दिला, असं वंशवृक्ष सांगतो.