मोटारगाडीची उंची कमी करणे : सस्पेन्शन व व्हील अलाइनमेंट

मोटारगाडीच्या सांगाड्याची जमिनीपासूनची उंची उत्पादकाने ठरवलेल्या मूल्यापेक्षा कमी करणे आणि त्याला अनुसरून सस्पेन्शनची भूमिती, स्प्रिंग, शॉक ॲब्सॉर्बर व चाकांचे कोन नव्याने जुळवणे, या दोन क्रियांचा येथे एकत्र विचार केला आहे. बोलण्यात ‘गाडी लो करणे’ एवढेच म्हटले जाते आणि त्यात बहुधा पहिलीच क्रिया अभिप्रेत असते. दुसरी वगळल्यास पहिलीचा फायदा बराचसा वाया जातो, प्रसंगी उलटतोही.

पूर्वेतिहास : या प्रथेचा उगम नेमका कोठे मानावा याविषयी एकमत नाही. कारखान्यातच बुटकी गाडी बांधण्याचा प्रयत्न धरला, तर १९०७ च्या सुमारास अमेरिकेत बाजारात आलेल्या ‘अमेरिकन अंडरस्लंग’ गाडीपर्यंत मागे जाता येते. तिची चासी ॲक्सलच्या वर न ठेवता खाली टांगलेली होती. लान्चा लाम्ब्दा (१९२२) आणि जिच्यात पायरी उतरून बसावे लागे ती हडसन (१९४८) ही याच धाग्यातील पुढची उदाहरणे होत. मालकाने विकत घेतलेली गाडी स्वतः खाली आणणे ही प्रथा मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे कॅलिफोर्नियात रुजली असे सामान्यतः मानले जाते, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तीच खरी सुरुवात समजणे अधिक सयुक्तिक वाटते. तेथेही दोन प्रवाह होते. कोरड्या सरोवरांच्या पात्रात वेगाच्या चाचण्या घेणारे हौशी लोक जुन्या फोर्ड गाड्यांचा अखंड पुढचा ॲक्सल वाकवून बसवत; लॉस एंजेलिस परिसरातील मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांतील तरुण स्प्रिंगचे वेढे कापून किंवा डिकीत वाळूच्या गोण्या टाकून गाडी खाली दाबत. या दुसऱ्या प्रवाहातून ‘लोरायडर’ परंपरा निर्माण झाली. कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेतील कलम २४००८ ने गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या तळापेक्षा खाली जाईल असा बदल १९५८ पासून निषिद्ध ठरवला. रॉन अगिरे याने १९५० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या कॉर्व्हेट गाडीला विमानांतील जुने हायड्रॉलिक सुटे भाग जोडून ती हवी तेव्हा वरखाली होईल अशी केली, ती या कलमातून पळवाट काढण्यासाठी, असे सांगितले जाते. हे कलम २०२४ च्या आरंभी रद्द झाले. जपानमध्ये बुटक्या गाडीसाठी ‘शाकोतान’ असा स्वतंत्र शब्द रूढ आहे.

मॅकफर्सन स्ट्रट व त्याचा उगम : आजच्या बहुसंख्य छोट्या व मध्यम गाड्यांच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट (चाकाला आधार देणारा, शॉक ॲब्सॉर्बर सामावलेला उभा खांब) असतो आणि उंची कमी केल्याचे दुष्परिणामही त्यावरच ठळक दिसतात, म्हणून त्याच्या उगमाचा प्रश्न थोडा तपशिलाने पाहणे योग्य होईल. अर्ल मॅकफर्सन याने जनरल मोटर्समध्ये ‘शेव्हरोले कॅडेट’ या छोट्या गाडीच्या प्रकल्पावर काम करताना ही रचना आकारास आणली. तिच्या पेटंटचा अर्ज १९४७ चा असून ते १९५३ मध्ये मंजूर झाले. प्रकल्प बारगळल्यावर मॅकफर्सन फोर्डकडे गेला व तेथे त्याने दुसरा अर्ज केला (१९४९). स्ट्रट असलेली पहिली उत्पादित गाडी म्हणून फ्रान्समधील फोर्ड व्हेडेटचे नाव अनेक ठिकाणी दिलेले आढळते. परंतु व्हेडेटच्या मूळ आवृत्तीत आडव्या आर्मची रचना होती आणि तिला स्ट्रट नंतर, १९५४ च्या सुमारास, मिळाला असे दिसते. त्यामुळे हा मान ब्रिटनमध्ये १९५० साली सादर झालेल्या फोर्ड कॉन्सल व झेफर या गाड्यांना देणारे मत अधिक ग्राह्य वाटते. फियाटच्या ग्वीदो फोर्नाका याच्या १९२० च्या दशकातील आराखड्यांशी या रचनेचे साम्य असल्याचेही दाखवून दिले जाते. मात्र शॉक ॲब्सॉर्बर, चाकाचा आधार आणि स्टिअरिंगचा आस हे तिन्ही एकाच नळकांड्यात आणून स्वस्तात तयार करता येण्याजोगी मांडणी सिद्ध करणे हे मॅकफर्सनचे श्रेय अबाधित राहते.

गुरुत्वमध्य व रोल सेंटर : गाडी खाली घेण्याचे समर्थन बहुधा गुरुत्वमध्याच्या आधारे केले जाते. वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकणारा भार गुरुत्वमध्याच्या उंचीच्या सम प्रमाणात व दोन चाकांमधील अंतराच्या व्यस्त प्रमाणात असतो. १,२०० किग्रॅ. वस्तुमानाची, ५५० मिमी. उंचीवर गुरुत्वमध्य असलेली आणि १,५०० मिमी. रुंदीवर चाके असलेली गाडी गुरुत्वत्वरणाच्या ०.८ पट पार्श्वत्वरणाने वळत असेल, तर सुमारे ३५२ किग्रॅ. भार सरकतो. तीच गाडी ३० मिमी. खाली घेतली तर तो ३३३ किग्रॅ. होतो, म्हणजे घट साडेपाच टक्क्यांच्या आसपास. फायदा खरा आहे, पण ज्या उत्साहाने तो सांगितला जातो त्या मानाने माफक आहे.

गाडीचे शरीर वळणावर किती कलेल हे गुरुत्वमध्याच्या नुसत्या उंचीवर नव्हे, तर गुरुत्वमध्य आणि रोल सेंटर (शरीर ज्या बिंदूभोवती कलते असे मानतात तो बिंदू) यांमधील अंतरावर ठरते. स्ट्रटच्या वरच्या टोकातून त्याच्या सरकण्याच्या आसाला काढलेली लंबरेषा आणि लोअर आर्मची (चाकाचा खालचा भाग सांगाड्याला जोडणाऱ्या दांड्याची) वाढवलेली रेषा जेथे छेदतात तो तात्कालिक केंद्रबिंदू होय. टायर जमिनीला टेकतो तेथून या बिंदूकडे काढलेली रेषा गाडीच्या मध्यरेषेला जेथे छेदते तेथे रोल सेंटर मानतात. गाडी खाली आली की लोअर आर्मचे बाहेरचे टोक आतल्या टोकापेक्षा वर जाते, तात्कालिक केंद्रबिंदू खाली उतरतो आणि रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा कितीतरी अधिक वेगाने खाली जाते, प्रसंगी जमिनीखालीही. उदाहरणादाखल वरील गाडीचे रोल सेंटर ८० मिमी. वरून २० मिमी. वर आले असे धरल्यास दोहोंतील अंतर आधी ४७० व नंतर ५०० मिमी. भरते, म्हणजे गाडी बुटकी झाली तरी तीच स्प्रिंग असताना ती अधिक कलते. उंची कमी करणाऱ्या संचांतील स्प्रिंग मूळपेक्षा ताठ असल्यामुळे हा दोष झाकला जातो, नाहीसा होत नाही.

रोल सेंटर या संकल्पनेविषयी स्वतः अभ्यासकांत मतभेद आहेत. वर वर्णिलेले ते भूमितीय रोल सेंटर होय व ते दोन्ही बाजू सममित असल्याचे गृहीत धरते. अमेरिकेतील एसएई या मोटार-अभियंत्यांच्या संस्थेच्या ‘जे ६७०’ या परिभाषेत मात्र ज्या बिंदूवर पार्श्वबल लावले असता शरीर कलत नाही तो बिंदू, अशी बलाधिष्ठित व्याख्या आहे. गाडी कलल्यावर दोन्ही टायरांवरील बले असमान होतात आणि भूमितीय बिंदू आडवा दूरवर भरकटतो, त्यामुळे मोठ्या कलासाठी बलाधिष्ठित पद्धत अधिक विश्वसनीय ठरते. उंची बदलल्याचा परिणाम अजमावण्यापुरती भूमितीय पद्धत पुरेशी आहे.

यावरील उपाय म्हणजे लांब दांडीचा बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा गोलाकार सांधा) किंवा नकलखाली (चाक ज्यावर बसते त्या भागाखाली) बसणारा ठोकळा वापरून लोअर आर्मचे बाहेरचे टोक पुन्हा खाली आणणे. हे करताना टाय रॉडचे (स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचे) बाहेरचे टोकही तेवढेच खाली घ्यावे लागते. टाय रॉड व लोअर आर्म यांची टोके वेगवेगळ्या वर्तुळखंडांत फिरू लागली, तर चाक खड्ड्यातून वर येताना स्टिअरिंग न हलवताही आपोआप वळते; या दोषास ‘बम्प स्टिअर’ म्हणतात. एकच भाग बदलून दुसरा तसाच ठेवणे ही यातील सर्वांत सामान्य चूक होय.

स्प्रिंग व शॉक ॲब्सॉर्बर : वेटोळ्या स्प्रिंगची दृढता तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात, तर वेटोळ्याच्या व्यासाच्या तिसऱ्या घाताच्या व क्रियाशील वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असते. त्यामुळे सहा क्रियाशील वेढ्यांपैकी एक कापला की स्प्रिंग २० टक्के अधिक ताठ होते. तरीही ही युक्ती समाधानकारक नाही, कारण कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही आणि चाक पूर्ण लोंबकळल्यावर स्प्रिंग जागेवरून सुटू शकते. स्प्रिंग तापवून दाबण्याची जुनी रीत तर पोलादाचे पाणीच उतरवते.

उंची घटली की चाकाला वर जाण्यास उरलेली जागाही घटते. त्या जागेत स्प्रिंग जी ऊर्जा पचवते ती दृढता आणि अंतराचा वर्ग यांच्या गुणाकारावर अवलंबून असल्याने अंतर निम्मे झाल्यास तेवढाच धक्का झेलण्यासाठी चौपट ताठ स्प्रिंग लागेल आणि शरीराची नैसर्गिक कंप्रता (दर सेकंदाला होणारे हेलकावे) दुप्पट होईल. साधारण प्रवासी गाडीची ही कंप्रता १ ते १.५ हर्ट्झ असते. १ हर्ट्झला स्वभाराने सुमारे २५० मिमी. दबणारी, तर २ हर्ट्झला सुमारे ६२ मिमी. दबणारी स्प्रिंग लागते. म्हणूनच रस्त्यावरच्या गाडीसाठी २५ ते ३५ मिमी. ही घट बहुधा व्यवहार्य मर्यादा मानली जाते आणि त्यापलीकडे बम्प स्टॉपच (चाकाचा वरचा प्रवास अडवणारे रबरी ठोकळेच) दुसऱ्या स्प्रिंगचे काम करू लागतात. मॉरिस ऑली याने १९३० च्या दशकाच्या आरंभी कॅडिलॅकमध्ये केलेल्या प्रयोगांतून मागची कंप्रता पुढच्यापेक्षा थोडी अधिक असावी, म्हणजे उंचवट्यावरून गेल्यावर गाडीचे हेलकावे लवकर शमतात, हे तत्त्व पुढे आले. पुढची स्प्रिंगच फार ताठ असलेले संच हा क्रम उलटा करतात.

शॉक ॲब्सॉर्बर तोच ठेवून स्प्रिंगची दृढता दीडपट केली तर अवमंदन गुणोत्तर (हेलकावे शमवण्याच्या क्षमतेचे माप) सुमारे १८ टक्क्यांनी घटते. गाडी एकाच वेळी कडक व डुलणारी वाटते ती यामुळे. उंची जुळवता येणाऱ्या कॉइलओव्हरचे (शॉकभोवतीच स्प्रिंग असलेल्या संचाचे) दोन प्रकार ध्यानात घ्यावेत : एकात स्प्रिंगची खालची बैठक आट्यांवर सरकते व उंचीबरोबर शॉकचा उपलब्ध प्रवासही कमी होतो, दुसऱ्यात नळकांड्याची एकूण लांबीच बदलते व प्रवास अबाधित राहतो. एका कोपऱ्याची बैठक फिरवली की कर्णातील (समोरासमोरच्या तिरक्या कोपऱ्यांतील) चाकांवरचा भार बदलतो, म्हणून अँटी-रोल बारच्या (कल रोखण्यासाठी डावी-उजवी बाजू जोडणाऱ्या दांड्याच्या) कड्या सोडवून चारही चाकांखालचे वजन मोजावे लागते.

टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचे काम करणारा दांडा) असलेल्या गाड्यांत उंची बदलणे हा निव्वळ गणिताचा भाग होतो. फोक्सवॅगन बीटलच्या मागच्या बारला आतल्या टोकास ४० व बाहेरच्या टोकास ४४ दाते असतात. एका टोकाला एक दाता पुढे आणि दुसऱ्या टोकाला एक मागे फिरवला की ९° व सुमारे ८° १०′ यांतील फरक, म्हणजे जेमतेम ५०′ मिळतो. इतकी बारीक जुळणी देणारी रचना विरळाच. अखंड मागचा ॲक्सल व त्याला आडवे सरकू न देणारा पॅनहार्ड रॉड असलेल्या गाडीत उंची घटल्यावर ॲक्सल एका बाजूस सरकतो, तेव्हा लांबी बदलता येणारा रॉड लागतो. हवेच्या किंवा हायड्रोन्यूमॅटिक (तेल व वायूच्या दाबावर चालणाऱ्या) सस्पेन्शनचा (सिट्रोएन डीएस, १९५५) विचार येथे केलेला नाही.

व्हील अलाइनमेंट : गाडी खाली आली की कॅम्बर सामान्यतः ऋण होतो, म्हणजे चाकांची वरची कड आत कलते. स्ट्रटमध्ये लोअर आर्म सरकत्या आसाला काटकोनात आल्यावर चाक आणखी वर गेले तरी कॅम्बर वाढत नाही व पुढे तो धन दिशेने फिरतो. त्यामुळे उभ्या गाडीत दिसणारा जादा ऋण कॅम्बर वळणावर हरवलेल्या कॅम्बरची अंशतः भरपाई करतो, आणि तो पुसून मूळ आकडा आणण्याचा आग्रह नेहमीच योग्य नसतो. जपानमध्ये ‘ओनिक्यान’ म्हणून ओळखला जाणारा टोकाचा ऋण कॅम्बर हा मात्र शोभेचा विषय होय. त्यात टायरची आतली कडच जमिनीला टेकते.

टायर झिजण्याचा दोष कॅम्बरला दिला जातो, परंतु खरा अपराधी बहुधा टो, म्हणजे वरून पाहता चाकाचा आत किंवा बाहेर वळलेला कोन, असतो. चाक ०.२° तिरके असेल तर दर किलोमीटरला ते सुमारे साडेतीन मीटर आडवे घासत जाते. कॅम्बर बदलला की टोही बदलतो, म्हणून आधी मागची चाके व थ्रस्ट अँगल (मागची चाके गाडीला ज्या दिशेने ढकलतात तिचा मध्यरेषेशी कोन), मग पुढचा कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा बाजूने दिसणारा कल) व कॅम्बर आणि शेवटी स्टिअरिंग सरळ धरून टो, असा क्रम पाळतात. कॅम्बरसाठी विकेंद्री बोल्टने साधारण एक-दीड अंश मिळतो; त्याहून अधिक हवे असल्यास स्ट्रटच्या माथ्यावर सरकती पट्टी बसवतात. रबरी बुशांचे (सांध्यांतील रबरी नळ्यांचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळावेत, हा नियम कार्यशाळांत वारंवार मोडला जातो : जॅकवर आवळलेला बुश गाडी खाली ठेवताच पिळला जातो, गाडी थोडी उचलून धरतो व लवकर फाटतो. नव्या स्प्रिंग काही दिवसांत किंचित बसत असल्याने मापन पुन्हा करावे लागते.

अनुषंगिक बाबी : काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब ॲक्सल व शरीर यांतील अंतरावरून ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. गाडी खाली घेतली की त्याला ती भरलेली भासते, तो मागच्या चाकांना जादा दाब देतो आणि ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी अडकण्याचा धोका निर्माण होतो; त्याची कडी नव्याने जुळवणे अनिवार्य आहे. हेडलाइटचा झोत, उंचीमापक संवेदक तसेच चालकसाहाय्य प्रणालीचे कॅमेरे व रडार यांचेही पुनर्मापन करावे लागते. कायदेशीर मर्यादा देशोदेशी भिन्न आहेत. जपानच्या वाहन तपासणीत ९ सेंमी. किमान भूमुक्तता अपेक्षित असते, तर जर्मनीत बदललेल्या भागांना मान्यतापत्र व तपासनिसाची नोंद लागते.