औषध लागू पडत नाही, दोष कोणाचा?

त्वचेचा लेशमॅनियासिस हा लेशमॅनिया नावाच्या परजीवीमुळे होणारा रोग. त्याची जखम एकदा पाहिली की सहसा विसरत नाही. वाळूमाशी चावते तिथे आधी पुटकुळी येते, तिची गाठ होते आणि काही आठवड्यांत मध्ये खोलगट, कडा उचललेला व्रण तयार होतो. बहुतेकदा तो दुखतही नाही. कडेची खरवड काचपट्टीवर रंगवली तर मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशींच्या पोटात लंबगोल जीव दिसतात, तेच हे परजीवी. प्रत्येकात केंद्रकाचा एक मोठा ठिपका आणि शेजारी कायनेटोप्लास्टची, म्हणजे डीएनएच्या वेगळ्या गठ्ठ्याची, बारीक काडी. निदान झाले, इंजेक्शने सुरू झाली. तरी काहींचा व्रण भरतो आणि काहींचा भरत नाही.

हे जीव 1885 साली कोलकात्यात कनिंगहॅम यांना दिसले, पण ते काय आहे हे त्यांना उमगले नाही. ताश्कंदच्या बोरोव्स्की यांनी 1898 मध्ये ते आदिजीव (एकपेशीय प्राणी) असल्याचे ओळखले, पण त्यांचा रशियन लेख फारसा कोणी वाचला नाही. मग 1903 मध्ये राइट यांनी बॉस्टनमध्ये त्यांचे वर्णन केले आणि श्रेय बराच काळ त्यांच्याच नावावर राहिले.

औषधाची गोष्ट ब्राझीलची. गास्पर व्हियाना यांनी 1911 मध्ये तिथल्या परजीवीला ‘लेशमॅनिया ब्राझिलिएन्सिस’ हे नाव दिले आणि पुढच्याच वर्षी टार्टर एमेटिकने रोगी बरे होत असल्याचे सांगितले. हे अँटिमनीचे संयुग ओकारी आणण्यासाठी वापरत. ‘एमेटिक’ म्हणजेच ओकारी आणणारे. शवविच्छेदन करताना जडलेल्या क्षयाने व्हियाना 1914 मध्ये गेले, तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती. 1940च्या दशकात त्यातल्या त्यात सोसवणारी पंचसंयुजी अँटिमनी (पाच बंध जोडणारे तिचे रूप) आली. तिचा रुळलेला डोस म्हणजे दर किलो वजनामागे रोज 20 मिलिग्रॅम, असे 20 दिवस. हृदय, यकृत, स्वादुपिंड यांवर सतत लक्ष ठेवावे लागते. शंभर वर्षांनंतरही अनेक देशांत हेच पहिले औषध आहे, ही काही कौतुकाची बाब नव्हे.

अपयशाचा संशय आधी परजीवीवर गेला, आणि त्याला कारण होते. काळा आजार हा याच कुळातला रोग. बिहारमध्ये 1990च्या दशकात अँटिमनी निम्म्याहून अधिक काळा आजाराच्या रोग्यांना लागू पडेनाशी झाली आणि तिथले परजीवी प्रयोगशाळेतही औषधाला दाद देईनात. यंत्रणा हळूहळू उलगडली. पंचसंयुजी अँटिमनी शरीरात त्रिसंयुजी होते, तेव्हाच ती परजीवीला मारते. ती आत शिरते एक्यूपी1 या प्रथिनाच्या दारातून. परजीवी हे दार आकसून घेतो, ट्रायपॅनोथायोन नावाच्या रेणूचा साठा वाढवतो, आणि त्याला जखडलेली अँटिमनी एमआरपीए हा पंप पेशीतल्या पिशव्यांत कोंबतो. कोणती जनुके किती चालू आहेत ते मोजले की उपचाराचे भाकीत करता येईल, असे वाटणे साहजिकच होते.

अडचण अशी की लेशमॅनिया आपली जनुके आपल्यासारखी चालवतच नाही. मालगाडीच्या डब्यांसारखी शेकडो जनुके एका रांगेत असतात आणि सगळी रांग एकदमच वाचली जाते. प्रत्येक जनुकाला वेगळे बटण जवळपास नाहीच. कमीजास्त करायचे ते आरएनए, म्हणजे जनुकाची कामचलाऊ नक्कल, तयार झाल्यावर, नाहीतर सरळ जनुकाच्या किंवा अख्ख्या गुणसूत्राच्या प्रती वाढवून. 2005 मध्ये ‘लेशमॅनिया मेजर’ या जातीचा जीनोम (संपूर्ण जनुकसंच) प्रसिद्ध झाला आणि पुढच्या काही वर्षांत कळले की एकाच वसाहतीतल्या पेशींमध्येही गुणसूत्रांच्या प्रती सारख्या नसतात. त्यातही जखमेतला परजीवी प्रयोगशाळेत बाटलीत वाढवला की या प्रती बदलतात. म्हणजे मोजतो तो जखमेतला परजीवी नव्हेच, बाटलीला सरावलेला त्याचा वंशज.

पेरूमधल्या रोग्यांच्या परजीवींवर 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने खरा धक्का दिला. प्रयोगशाळेत अँटिमनीला दबणारा परजीवी आणि बरा होणारा रोगी यांचा मेळ बसेना. माझ्या मते इथे प्रश्नच बदलला: दोष एकट्या परजीवीच्या औषधरोधाचा नव्हता. काही परजीवींच्या पोटात स्वतःचा एक आरएनए विषाणू असतो. फ्रेंच गयाना, पेरू आणि बोलिव्हियातल्या अभ्यासांत त्याचा संबंध उपचार फसण्याशी दिसला. तो शरीराची दाहक प्रतिक्रिया भडकवतो, त्यामुळे औषध तेच राहून जखमेचे वागणे बदलते.

मग बाटली बाजूला ठेवून जखमेचा तुकडाच वाचायची पद्धत आली. ब्राझीलच्या बाहिया राज्यात कोर्ते द पेद्रा इथे उपचारापूर्वी घेतलेल्या बायोप्सींचा (जखमेच्या तुकड्यांचा) आरएनए वाचला गेला, म्हणजे कोणती जनुके किती चालू आहेत ते पाहिले गेले. 2019 च्या निष्कर्षांत, ज्यांच्या जखमेत परजीवी जास्त होते आणि पेशी मारणाऱ्या प्रथिनांची (ग्रँझाइम बी, परफोरिन) मानवी जनुके जोरात चालू होती, त्यांचा उपचार फसण्याची शक्यता जास्त निघाली. परजीवीची स्वतःची जनुके तिथे काय करत होती, हे वाचणे मात्र अजूनही कष्टाचे आहे. त्या तुकड्यातला बहुतेक आरएनए माणसाचा असतो आणि परजीवीचा अंश इतका थोडा, की काही जखमांत तो हाती लागतच नाही.