पाळीव पक्ष्यांतील इन्फ्लुएंझा विषाणूंची उत्क्रांती व प्रसार

पक्षी इन्फ्लुएंझा, म्हणजेच बर्ड फ्लू, हा ‘ए’ प्रकारच्या इन्फ्लुएंझा विषाणूंमुळे पक्ष्यांना होणारा संसर्गजन्य रोग आहे. रानबदके, हंस, कुरव आणि पाणथळीवरचे इतर पक्षी हे या विषाणूंचे मूळ आश्रयस्थान असून त्यांच्या आतड्यांत ते बहुधा फारसा त्रास न देता वाढतात आणि विष्ठेवाटे तळ्यांच्या पाण्यात उतरतात. कोंबड्या व टर्की यांच्यात मात्र त्यांचे वर्तन पालटते. या विषाणूंची अतिघातक रूपे जवळजवळ नेहमी पाळीव कळपांत उगम पावलेली आढळतात. त्यामुळे साथीचा सगळा दोष स्थलांतरित पक्ष्यांवर ढकलणे सोयीचे असले, तरी बरोबर नाही.

विषाणूच्या पृष्ठभागावरील हीमॅग्लुटिनिन (एच) व न्यूरामिनिडेज (एन) या प्रथिनांवरून त्याचे उपप्रकार ठरतात. त्याचे आनुवंशिक द्रव्य असलेला आरएनए आठ सुट्या खंडांत विभागलेला असतो. नक्कल होताना घडलेल्या चुका दुरुस्त होत नसल्याने उत्परिवर्तने झपाट्याने साचतात. शिवाय दोन भिन्न विषाणू एकाच पेशीत शिरले, तर खंडांची अदलाबदल होऊन नवाच विषाणू तयार होऊ शकतो. जिवंत पक्ष्यांच्या बाजारात बदके, कोंबड्या व लावे एकावर एक रचलेल्या पिंजऱ्यांत दिवसेंदिवस राहतात, तेथे अशा अदलाबदलीला भरपूर वाव मिळतो.

अतिघातक रूप आजवर एच५ व एच७ या गटांतच नैसर्गिकरीत्या उद्‌भवलेले आहे. एच प्रथिनाचे दोन भाग झाल्याखेरीज विषाणूला संसर्ग करता येत नाही. सौम्य विषाणूचे हे प्रथिन केवळ श्वसनमार्गातील व आतड्यांतील विकरे (एन्झाइमे) तोडू शकतात. परंतु हे प्रथिन जेथे तुटते त्या छेदस्थानी आम्लारिधर्मी अमिनो आम्लांची रांग तयार झाली, की शरीरातील बहुतेक सर्व पेशींत असणारे फ्युरिन हे विकर ते काम करते आणि संसर्ग मेंदू, हृदय व यकृतापर्यंत पोचतो. तुरा निळा पडणे, डोके सुजणे आणि दोन-तीन दिवसांत शेड रिकामी होणे हा त्याचा दृश्य परिणाम. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात एप्रिल १९८३ मध्ये सौम्य असलेला एच५एन२ ऑक्टोबरात प्राणघातक झाला. त्याच्या छेदस्थानी ही रांग आधीपासूनच होती; तिला झाकणारी एक शर्करा-साखळी गळून पडली, एवढाच निर्णायक फरक घडला. त्या साथीत सुमारे १.७ कोटी पक्षी नष्ट करावे लागले. चिलीमध्ये २००२ साली एच७एन३ ने याउलट स्वतःच्याच दुसऱ्या जनुकाचा तुकडा छेदस्थानी घुसवून घेतला.

सध्याच्या जागतिक साथीचा वंश १९९६ साली चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील पाळीव हंसांत सापडलेल्या एच५एन१ विषाणूपर्यंत मागे जातो. १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये त्याची लागण १८ जणांना झाली व त्यांतील सहा दगावले. २००३ नंतर तो आग्नेय आशियात पसरला. २००५ मध्ये चीनमधील छिंगहाय सरोवरावर पट्टकादंब (रानहंसांची एक जात) व इतर रानपक्षी हजारोंनी मेले आणि पाळीव कळपांत पोसलेला विषाणू रानात परतल्याचे उघड झाले. वर्षभरात तो युरोप व आफ्रिकेत पोचला.

भारतातील पहिली साथ फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला नोंदली गेली आणि भोपाळच्या प्रयोगशाळेने एच५एन१ चे निदान केले. व्यावसायिक पोल्ट्री फार्मबरोबरच आसपासच्या आदिवासी पाड्यांवरील परसातल्या गावठी कोंबड्याही माराव्या लागल्या. एका फार्मवरून दुसरीकडे संसर्ग जाण्यात रानपक्ष्यांइतकाच, पुष्कळदा अधिक, वाटा माणसाच्या ये-जा करण्याचा असतो: अंड्यांचे ट्रे, पिंजरे, खाद्याच्या गाड्या, चिखललेले बूट, आणि मर सुरू होताच घाईने विकलेली बॅच.

२०२० पासून याच वंशाची २.३.४.४बी ही शाखा प्रबळ झाली. ती २०२१ च्या अखेरीस उत्तर अमेरिकेत व पुढल्या वर्षी दक्षिण अमेरिकेत गेली. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतील दुभत्या गायींतही ती आढळली. नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ व एक बिबट्या एच५एन१ नेच दगावले.

एच९एन२ हा सौम्य उपप्रकार याहून कमी चर्चेत असतो. आशियातील पोल्ट्रीत तो कायमचा वस्तीला असून अंड्यांचे उत्पादन घटवतो, पण शेड रिकामी करीत नाही, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होते. चीनमध्ये २०१३ साली माणसांत आढळलेल्या एच७एन९ ला अंतर्गत जनुके याच्याकडूनच मिळाली होती.

नियंत्रणाबाबत देशोदेशींची धोरणे वेगळी आहेत. चीनने २०१७ मध्ये एच५ व एच७ ची एकत्रित लस कोंबड्यांना देण्यास सुरुवात केल्यावर माणसांतील एच७एन९ चे रुग्ण एकदम घटले. फ्रान्सने २०२३ मध्ये बदकांचे लसीकरण सुरू केले. लसीने मर थांबते, परंतु संसर्ग पूर्णपणे थांबेलच असे नाही, आणि लक्षणांविना फिरणारा विषाणू प्रतिपिंडांना चुकवत बदलत राहतो. म्हणून लसीबरोबर सतत नमुनातपासणी आवश्यक ठरते. भारताने एच५एन१ साठी बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरपर्यंतचे पाळीव पक्षी मारून पुरण्याचा व दहा किलोमीटरपर्यंत पाहणी ठेवण्याचा मार्ग धरला आहे.