बुग्याल

बुग्याल : गढवाल-कुमाऊँ हिमालयातील वृक्षरेषेच्या (जिच्या वर झाडे वाढत नाहीत त्या उंचीच्या) वरची गवताळ कुरणे. ही साधारणतः ३,३०० मी. उंचीपासून आढळतात. काश्मीरमध्ये अशा कुरणांना मर्ग (गुलमर्ग, सोनमर्ग) म्हणतात. दयारा, आली, बेदनी, पंवाली कांठा हे प्रसिद्ध बुग्याल होत.

बुग्यालांच्या उत्पत्तीविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार ते हवामानाचीच निर्मिती आहेत. वृक्षांना वाढीच्या काळात सरासरी सुमारे ६° से. तापमान लागते आणि ते जेथे लाभत नाही, तेथे भूर्ज व खुजा ऱ्होडोडेंड्रॉन विरळ होत जाऊन गवत उरते. दुसऱ्या मतानुसार मेंढपाळांची पिढ्यानपिढ्यांची चराई आणि सरपणासाठीची तोड यांमुळे वृक्षरेषा मूळ पातळीहून खाली सरकली. उंचावरच्या कुरणांना पहिले, तर जंगलालगतच्या उतारांना दुसरे मत अधिक लागू पडावे. चमोली जिल्ह्यातील फुलांच्या घाटीत (व्हॅली ऑफ फ्लॉवर्स) १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाल्यानंतर चराई थांबली व पुढे पॉलिगोनम पॉलिस्टॅकियम ही उंच वनस्पती फोफावली. काही अभ्यासक याचा दोष चराईबंदीला देतात, तर काही हिमस्खलनांनी उघड्या पडलेल्या जमिनीला. तेव्हा चराई सरसकट अपायकारक मानणे धाडसाचे ठरेल.

बुग्यालांतील पायवाटांपैकी वाण गावाहून बेदनीकडे (सु. ३,३५० मी.) चढणारी वाट विशेष परिचित आहे. बांज, खरसू हे ओक आणि बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन) यांच्या दाट रानातून ती जाते व रान संपताच त्रिशूल (७,१२० मी.) शिखर समोर येते. पुढे हीच वाट रूपकुंड सरोवराकडे जाते. वेदांची रचना येथे झाली म्हणून ‘बेदनी’, ही स्थानिक व्युत्पत्ती नामसाधर्म्यापलीकडे जात नाही. नंदादेवी राजजात या यात्रेचा मार्गही येथूनच जातो. ती बारा वर्षांनी भरते असे म्हणतात, परंतु १९६८, १९८७, २००० व २०१४ ही तिची वर्षे पाहता हे अंतर नेमके पाळले गेलेले नाही.

पदभ्रमण करणाऱ्यांच्या तळांनी गवताची हानी होत असल्याने उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्यालांतील रात्रीच्या मुक्कामास बंदी केली व पर्यटकांची दैनिक संख्या २०० पर्यंत मर्यादित केली. दयारा येथे ऑगस्टच्या मध्यास, भाद्रपद संक्रांतीला, पशुपालक एकमेकांना लोणी-ताक माखून उत्सव साजरा करतात.