‘हात मेला’: पिचरच्या खांद्याची पार्श्वभूमी

२२ सप्टेंबर १९५४ रोजी ब्रुकलिन डॉजर्स या अमेरिकी बेसबॉल संघाने कार्ल स्पूनर नावाच्या डावखुऱ्या पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या पोराच्या, हाती चेंडू दिला. वय २३, मोठ्या लीगमधला (मेजर लीग) पहिलाच सामना, आणि समोर त्या वर्षी लीग जिंकणारा न्यूयॉर्क जायंट्स. स्पूनरने १५ स्ट्राइकआउट घेतले, म्हणजे फटका साधू न देता १५ फलंदाज बाद केले, धाव एकही दिली नाही. चार दिवसांनी पिट्सबर्गविरुद्ध पुन्हा तेच: १२ स्ट्राइकआउट, धावा शून्य. पुढच्या वर्षी हंगामाआधीच्या एका सराव सामन्यात हात पुरता गरम व्हायच्या आतच तो टाकायला उभा राहिला आणि खांद्यात काहीतरी ओढलं गेलं. १९५५चा हंगाम त्याने कसाबसा काढला. ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेच्या सहाव्या सामन्यात यांकीजने पहिल्याच डावात पाच धावा ठोकून त्याला बाहेर घालवलं. दुसऱ्या दिवशी डॉजर्स पहिल्यांदा जगज्जेते झाले. स्पूनर मात्र मोठ्या लीगमध्ये पुन्हा कधी दिसला नाही.

त्याला नेमकं झालं होतं काय? त्या काळात याला उत्तर नव्हतं. हात दुखतोय, हात मेला, एवढंच म्हणायचे. खांद्याच्या दुखापतींचा इतिहास हा बराचसा या ‘मेलेल्या’ हाताला नाव मिळायला किती उशीर झाला त्याचाच इतिहास आहे.

क्रिकेट पाहणाऱ्याला पिचरचं काम फसवं वाटू शकतं. बेसबॉलचा चेंडू क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा हलका आणि अंतरही कमी, १८.४४ मीटर. पण आपल्या वेगवान गोलंदाजाला धाव घेऊन वेग आणता येतो. पिचर जागेवरून टाकतो, शिवाय कोपर वाकवून, आपण ज्याला थ्रो म्हणू तसा. सगळा जोर पायातून कमरेत, कमरेतून खांद्यात येतो आणि खांदा तो एका झटक्यात चेंडूला देतो. हा सांधा म्हणजे उथळ बशीवर ठेवलेला चेंडू. बशीला कूर्चेची कड असते, तिला लॅब्रम म्हणतात. दंडातल्या बायसेप्सची एक दोरी वर त्याच कडेला चिकटलेली असते, आणि भोवतीचे चार लहान स्नायू, म्हणजे रोटेटर कफ, चेंडू बशीत धरून ठेवतात. टाकण्यापूर्वी हात इतका मागे पडतो की कोपरापुढचा भाग जवळजवळ आडवा होतो. त्या क्षणी बायसेप्सची दोरी पिळली जाते आणि कड उचकटायला बघते. मग दंडाचं हाड सेकंदाला ७,००० अंशांहून जास्त गतीने आत फिरतं. त्याच गतीने गोल फिरत राहता आलं असतं, तर एका सेकंदात एकोणीस फेऱ्या झाल्या असत्या. चेंडू सुटला की हा सगळा वेग थांबवायचं काम त्या चार चिमुकल्या स्नायूंचं.

म्हणजे खांदा सैल हवा आणि घट्टही हवा. सैल नसेल तर वेग नाही, घट्ट नसेल तर कड फाटते. लहानपणापासून टाकणाऱ्या मुलांचं दंडाचं हाड वाढता वाढताच थोडं पिळलं जातं, त्यामुळे त्यांचा हात इतरांपेक्षा जास्त मागे जातो. मोठेपणीचा वेग अंशतः असा लहानपणीच घडतो. पण त्याच वयात दंडाच्या वरच्या टोकाची वाढीची कूर्चा दुखावूही शकते. अमेरिकी डॉक्टरांनी १९५३ मध्ये तिची नोंद केली आणि मुलांच्या लिटल लीगवरूनच त्या दुखण्याला नाव पडलं.

स्पूनरच्याही आधी बॉस्टनचा स्मोकी जो वूड होता. १९१२ साली, वयाच्या २२ व्या वर्षी, त्याच्या नावावर ३४ विजय आणि ५ पराभव, वर वर्ल्ड सिरीजमध्ये आणखी तीन विजय. पुढच्या वर्षी अंगठा मोडला आणि परतला तो खांद्यातली कळ घेऊनच. १९१५ मध्ये लीगमधली सर्वांत कमी धावांची सरासरी त्याचीच होती, पण प्रत्येक सामन्याची किंमत हात मोजत होता. शेवटी त्याने पिचिंग सोडलं आणि क्लीव्हलंडकडून बाहेरच्या मैदानात क्षेत्ररक्षण आणि फलंदाजी करत पुढची वर्षं काढली. त्या काळी दुखरा हात घेऊन खेळाडू ओहायोतल्या यंग्सटाउनला जॉन रीसकडे जायचे. रीस मूळचा वेल्सचा, लोखंडाच्या कारखान्यातला कामगार. त्याला सगळे ‘बोनसेटर’ म्हणत, म्हणजे आपला हाडवैद्यच. पुढे कॉर्टिझोनची इंजेक्शनं आली. त्यांनी कळ दबायची आणि फाटलेल्या कडेवरच आणखी सामने खेळले जायचे.

शस्त्रक्रियेचा मार्ग उघडला डॉजर्सचे डॉक्टर फ्रँक जोब यांनी. १९७४ मध्ये टॉमी जॉन या पिचरच्या कोपरातल्या फाटलेल्या अस्थिबंधाच्या जागी त्यांनी त्याच्याच दुसऱ्या हातातली कंडरा बसवली. जॉन १९७६ मध्ये परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. पण त्याच जोबनी १९७६ मध्ये कॅन्सस सिटीच्या स्टीव्ह बझ्बीचा रोटेटर कफ शिवला, ती गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. आपल्या पहिल्या दोन्ही पूर्ण हंगामांत एकेक नो-हिटर (समोरच्या संघाला एकही हिट न देता टाकलेला सामना) टाकणारा हा पिचर शस्त्रक्रियेनंतर परतला खरा, पण पूर्वीचा राहिला नाही. १९८० मध्ये सगळं आटोपलं. कोपर बिजागरीसारखं आहे, तुटलेली दोरी बदलता येते. खांदा शिवताना टाका सैल राहिला तर पुन्हा फाटतो, घट्ट बसला तर हात मागे जात नाही.

हळहळ सर्वांत जास्त वाटते ती मार्क फिड्रिचबद्दल. डेट्रॉइटचा हा २१ वर्षांचा कुरळ्या केसांचा पोरगा ‘द बर्ड’ नावाने ओळखला जायचा. टाकण्याआधी चेंडूशी बोलायचा, गुडघ्यावर बसून हाताने माती सारखी करायचा. १९७६ मध्ये त्याने १९ सामने जिंकले, नऊ डावांमागे २.३४ धावा दिल्या आणि सर्वोत्तम नवोदिताचा मान मिळवला. मिळकत अवघी १६,५०० डॉलर. त्या हंगामात त्याने २४ सामने सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने टाकले, एकूण २५० डाव. आज एकविशीतल्या पोराला कोणी असं राबवणार नाही. तेव्हा ती कौतुकाची बाब होती. १९७७ च्या सुरुवातीला गुडघा दुखावला आणि परतल्यावर जुलैमध्ये बाल्टिमोरविरुद्ध खेळताना हात अचानक मेल्यासारखा झाला. त्यानंतर तीन वर्षं तो अधूनमधून दिसत राहिला. मोठ्या लीगमधले एकूण विजय २९. त्यातले १९ पहिल्या वर्षातले.

रोटेटर कफ फाटला आहे हे त्याला कळलं १९८५ मध्ये, डॉ. जेम्स अँड्र्यूज यांनी खांद्यात दुर्बीण घालून पाहिलं तेव्हा. एकीकडे आठ वर्षं उशिरा आलेलं हे निदान, आणि त्याच वर्षी त्याच अँड्र्यूजनी बॉस्टनच्या २३ वर्षांच्या रॉजर क्लेमेन्सच्या खांद्यावर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया केली. १९८६ मध्ये क्लेमेन्सने एका सामन्यात २० स्ट्राइकआउट घेतले, २४ सामने जिंकले. दोघांत फरक होता तो आठ वर्षांचा. अँड्र्यूज आणि सहकाऱ्यांनी टाकणाऱ्या खेळाडूंमधल्या लॅब्रमच्या फाटीचं वर्णन प्रसिद्ध केलं तेही १९८५ मध्येच. १९९० मध्ये स्टीव्हन स्नायडर यांनी त्या फाटीला ‘स्लॅप’ हे नाव दिलं. त्याच वर्षी जोबनी डॉजर्सच्या ओरेल हर्शायझरचा खांदा नव्याने बांधला आणि तो पुढे २००० पर्यंत टाकत राहिला.

यापुढे सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. तेवढ्यात मार्क प्रायर आला.

२००३ मध्ये शिकागो कब्जकडून खेळताना प्रायरने १८ सामने जिंकले, २४५ स्ट्राइकआउट घेतले. त्याची टाकण्याची शैली निर्दोष मानली जायची, मुलांना तिचा दाखला द्यायचे. खांदा गेल्यावर त्याच शैलीतली खोट दाखवणारेही पुष्कळ निघाले. तो शेवटचा सामना खेळला ऑगस्ट २००६ मध्ये, वयाच्या २५ व्या वर्षी. नंतर दोन शस्त्रक्रिया झाल्या, अनेक वर्षं पुनरागमनाचे प्रयत्न झाले. मॅनेजर डस्टी बेकरने त्याला अति राबवलं, असा ठपका आजही ठेवला जातो. सप्टेंबर २००३ मध्ये काही सामन्यांत प्रायरने १३० च्या वर चेंडू टाकले हे खरं. पण त्याआधी जुलैमध्येच तो धावताना एका खेळाडूवर आदळून खांद्यावर पडला होता आणि २००५ मध्ये फटकावलेला चेंडू लागून त्याचं कोपरही मोडलं होतं. एकाच माणसावर बोट ठेवणं सोपं आहे, मला ते पटत नाही.

तरी मोजदाद सुरू झाली ती अशाच प्रकरणांच्या धक्क्याने. २००७ पासून लिटल लीगमध्ये डावांऐवजी चेंडू मोजले जातात: नऊ-दहा वर्षांच्या मुलाला दिवसाला ७५, अकरा-बारा वर्षांच्याला ८५. जपानला हे पचायला आणखी वेळ लागला. तिथल्या कोशिएन या शालेय स्पर्धेत १९९८ साली दाइसुके मात्सुझाकाने १७ डावांच्या एका सामन्यात २५० चेंडू टाकले, आणि ते शौर्य म्हणून सांगितलं जातं. जुलै २०१९ मध्ये इवाते प्रांताच्या अंतिम सामन्यात ओफुनातो शाळेच्या प्रशिक्षकाने आपल्या हुकमी पिचरला बसवून ठेवलं. आदल्या दिवशी त्याने १२९ चेंडू टाकले होते. शाळा हरली, कोशिएनची वाट बंद झाली आणि शाळेत संतापलेल्या लोकांचे फोन वाजू लागले. शालेय पिचरला आठवड्याला ५०० चेंडूंची मर्यादा आली ती त्यानंतर, २०२० पासून.

तो पिचर म्हणजे रोकी सासाकी. एप्रिल २०२२ मध्ये, विसाव्या वर्षी, त्याने जपानच्या व्यावसायिक लीगमध्ये परफेक्ट गेम टाकला, म्हणजे अख्ख्या सामन्यात एकही फलंदाज बेसवर पोहोचू दिला नाही. पुढच्याच सामन्यात आठ डाव एकही फलंदाज पोहोचू दिला नाही, तरी १०२ चेंडूंनंतर त्याला बाहेर काढलं. इतकं जपलेला हा खांदाही मे २०२५ मध्ये, अमेरिकेतल्या पहिल्याच हंगामात, दुखावला. कदाचित मोजायला हवा तो नुसता चेंडूंचा आकडा नव्हे. मेजर लीगने डिसेंबर २०२४ मध्ये दुखापतींवर अहवाल काढला, त्यात बोट वेगाच्या हव्यासाकडे होतं. वेगवान चेंडूची सरासरी गती २००८ मध्ये ताशी ९१.३ मैल होती, २०२४ मध्ये ९४.२.

सासाकी सप्टेंबरअखेर परतला, तो एका वेळी एखाद-दुसरा डाव टाकण्यापुरता. त्याचा संघ होता डॉजर्स, आणि तिथला पिचिंग कोच मार्क प्रायर.