सिगारेट हे औषध आहे का? डॉ. डेव्हिड केसलर यांची कारकीर्द

अमेरिकेच्या १९३८ सालच्या अन्न, औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्यात औषधाची जी व्याख्या आहे, तिच्यात रसायनशास्त्र जवळजवळ नाहीच. रोगावर उपचार म्हणून दिले जाणारे पदार्थ तिच्यात येतातच. पण त्याखेरीज, अन्न सोडून ज्या कोणत्याही वस्तूचा उद्देश शरीराच्या रचनेवर किंवा कार्यावर परिणाम घडवण्याचा आहे, तीही त्या कायद्याने औषध ठरते. म्हणजे वस्तूत काय आहे यापेक्षा ती कोणत्या उद्देशाने विकली जाते, यावर पुष्कळ काही अवलंबून राहते. डॉ. डेव्हिड केसलर १९९० ते १९९७ या काळात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे, म्हणजे एफडीएचे, आयुक्त होते आणि त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा झगडा या उद्देशाच्या कलमावरूनच झाला.

केसलर बालरोगतज्ज्ञ. हार्वर्डमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेत असतानाच त्यांनी शिकागो विद्यापीठातून कायद्याचीही पदवी मिळवली. पुढे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात निवासी डॉक्टर म्हणून काम करता करता ते वॉशिंग्टनला जाऊन सिनेटर ऑरिन हॅच यांच्या समितीला सल्ला देत असत. त्यानंतर न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्स भागातील एका मोठ्या रुग्णालयाचे वैद्यकीय संचालकपद आणि जोडीला कोलंबिया विद्यापीठात अन्न व औषध कायद्याचे अध्यापन. राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी त्यांची नेमणूक केली, तेव्हा ते जेमतेम एकोणचाळीस वर्षांचे होते. एफडीएची अवस्था त्या वेळी फारशी बरी नव्हती. जेनेरिक औषधांना मंजुरी देणाऱ्या काही कर्मचाऱ्यांनी लाच घेतल्याचे १९८९ मध्ये उघड झाले होते आणि कंपन्यांवर कारवाई करण्याची या खात्याची सवयच मोडली आहे, अशी सर्वसाधारण समजूत होती.

ती समजूत मोडली संत्र्याच्या रसाने. प्रॉक्टर अँड गँबल ही बलाढ्य कंपनी 'सिट्रस हिल फ्रेश चॉइस' या नावाने रस विकत असे. तो ताजा नव्हता. आटवून घट्ट केलेल्या रसात पुन्हा पाणी घालून तो तयार होई. रस आटवताना पाण्याबरोबर त्यातली सुवासिक, बाष्पनशील संयुगेही उडून जातात, त्यामुळे अशा रसाला 'ताजा' म्हणणे ही ग्राहकाची सरळ दिशाभूल होती. चर्चा रेंगाळत राहिली, तेव्हा एप्रिल १९९१ मध्ये एफडीएने मिनियापोलिसजवळच्या एका गोदामातली अर्ध्या गॅलनची सुमारे २४,००० खोकी जप्त करवली. कंपनीने दोनच दिवसांत वेष्टनावरचा 'फ्रेश' हा शब्द काढण्याचे मान्य केले. या रसाने कोणी आजारी पडले नव्हते, म्हणून काहींना ही कारवाई किरकोळ वाटली. पण वेष्टनावरील शब्दांना कायद्याचे वजन असते, हे सगळ्या खाद्य उद्योगाला त्यातून एकदमच कळले.

पोषणाची माहिती देणाऱ्या चौकटीचे काम त्याहून किचकट होते. १९९० च्या कायद्याने अशी चौकट सक्तीची केली खरी, परंतु तिच्यात काय आणि कसे छापायचे हे खात्याला ठरवायचे होते. '१३ ग्रॅम चरबी' एवढेच लिहिले तर ती जास्त की कमी, हे सामान्य ग्राहकाला कसे कळावे? म्हणून दिवसभराच्या आहाराचे एक प्रमाण गृहीत धरून टक्केवारी द्यायची ठरली. दिवसाला ६५ ग्रॅम चरबी हे कमाल प्रमाण धरले, तर १३ ग्रॅम म्हणजे २० टक्के. हे प्रमाण ज्या उष्मांकावर आधारायचे, त्यासाठी आधी २,३५० कॅलरींचा आकडा सुचवला गेला होता. तो हिशेबाला अडचणीचा आणि जास्त खाण्याला उत्तेजन देणारा वाटल्याने २,००० वर आणला गेला. जगभरच्या वेष्टनांवर आज दिसणाऱ्या २,००० या आकड्यामागे निसर्गनियम वगैरे काही नाही, तो व्यवहारी तडजोडीतून आला आहे. मांस आणि कोंबडीवर अधिकार असलेल्या अमेरिकी कृषी खात्याने या टक्केवारीला कडाडून विरोध केला, कारण तीत मांसातली चरबी ठळकपणे दिसणार होती. भांडण थेट राष्ट्राध्यक्षांपर्यंत गेले. निवडणूक हरल्यानंतर काही आठवड्यांनी, डिसेंबर १९९२ मध्ये, बुश यांनी मुख्यतः एफडीएच्या बाजूने निर्णय दिला आणि मे १९९४ पासून ती चौकट दुकानांत दिसू लागली.

औषधांच्या बाबतीत केसलर यांच्यावर दोन्ही बाजूंनी टीका झाली. एड्सच्या रुग्णांना वाट पाहायला वेळ नव्हता. म्हणून रुग्ण किती जगतो हे पाहत बसण्याऐवजी रक्तातील सीडी-४ या रोगप्रतिकारक पेशींच्या संख्येसारख्या अप्रत्यक्ष खुणांवर विसंबून तात्पुरती मंजुरी द्यायची आणि पक्का पुरावा नंतर मागायचा, अशी त्वरित मंजुरीची पद्धत १९९२ मध्ये रीतसर नियमांत आली. इंडिनाविर या एड्सवरील औषधाला १९९६ मध्ये अवघ्या ४२ दिवसांत मंजुरी मिळाली. १९९२ मध्येच औषधांच्या तपासणीचा खर्च कंपन्यांकडून शुल्क म्हणून घेण्याचा कायदाही झाला. त्याने वेग वाढला. मात्र ज्याची परीक्षा घ्यायची त्याच्याच पैशावर परीक्षक पोसला जातो, हा आक्षेप आजही मिटलेला नाही आणि तो अगदीच निराधार आहे असे म्हणवत नाही. उलट सिलिकॉनच्या स्तनरोपणांचा वापर त्यांनी १९९२ मध्ये जवळपास थांबवला, तेव्हा ते घाबरट ठरले. पुढील अभ्यासांत त्या रोपणांचा स्वयंप्रतिकार विकारांशी संबंध आढळला नाही आणि २००६ मध्ये ती परत बाजारात आली. तरीही सुरक्षिततेचा पुरावा देणे हे उत्पादकाचे काम आहे, ही त्यांची भूमिका चुकीची म्हणता येणार नाही.

आता तंबाखूकडे वळू. सिगारेटला एफडीएने कधीच हात लावला नव्हता, कारण कंपन्यांचे म्हणणे असे की त्या चव आणि आनंद विकतात. निकोटीन तंबाखूत नैसर्गिकरीत्या असते, त्याला त्या काय करणार? फेब्रुवारी १९९४ मध्ये केसलर यांनी एका पत्रातून सूचित केले की निकोटीनची पातळी कंपन्या जाणूनबुजून राखत असल्याचे सिद्ध झाले, तर सिगारेट कायद्याच्या व्याख्येत बसू शकते. दोन महिन्यांनी सात तंबाखू कंपन्यांच्या प्रमुखांनी प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे शपथेवर सांगितले की निकोटीन व्यसन लावते असे त्यांना वाटत नाही. मग प्रश्न उरला तो मनातला हेतू पुराव्याने दाखवायचा कसा.

त्याचे एक उत्तर फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीच्या प्रयोगशाळेत आधीच मिळून गेले होते. व्हिक्टर डीनोबल आणि पॉल मेले या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी उंदरांच्या शिरेत नळी बसवली. पिंजऱ्यातली दांडी दाबली की निकोटीनचा छोटासा डोस मिळे. उंदीर पुन्हापुन्हा दांडी दाबू लागले. निकोटीनच्या जागी मिठाचे पाणी आले की त्यांचा उत्साह ओसरे. व्यसन लावणारे द्रव्य ओळखण्याची ही मान्यताप्राप्त कसोटी आहे. त्यावरचा निबंध एका नियतकालिकाने स्वीकारला होता, पण १९८३ मध्ये कंपनीच्या आदेशावरून तो मागे घेण्यात आला आणि पुढल्या वर्षी प्रयोगशाळेलाच टाळे लागले.

दुसरे उत्तर रसायनाचे होते. तंबाखूचा धूर आम्लधर्मी असेल तर निकोटीनचे रेणू विद्युतभारित राहतात आणि पेशींच्या पटलांतून सहज पार होत नाहीत. अमोनियाची संयुगे मिसळली की धुराची आम्लता घटते, भाररहित निकोटीनचे प्रमाण वाढते आणि शरीर ते झपाट्याने शोषून घेते. एकूण निकोटीन तेवढेच, पण परिणाम अधिक. ब्राऊन अँड विल्यमसन कंपनीचे माजी संशोधनप्रमुख जेफ्री वायगँड यांनी एफडीएच्या अधिकाऱ्यांना हे तंत्र समजावून दिले.

तिसरा धागा तर एखाद्या गुप्तहेरकथेत शोभावा असा. एफडीएच्या तपासनिसांना ब्राझीलमध्ये पोर्तुगीज भाषेत दाखल झालेला एका पेटंटचा अर्ज मिळाला. तो ब्राऊन अँड विल्यमसनच्या 'वाय-१' या तंबाखूच्या वाणाचा होता आणि त्याच्या पानांत निकोटीन सुमारे ६ टक्के होते, म्हणजे नेहमीच्या वाणाच्या जवळपास दुप्पट. असे वाण कंपनीने केवळ कुतूहलापोटी तयार केले, असे म्हणता आले असते. पण सीमाशुल्काच्या कागदपत्रांत एक बीजक सापडले, ज्यात सप्टेंबर १९९२ मध्ये पाच लाख पौंड वजनाहून अधिक वाय-१ तंबाखू ब्राझीलहून ब्राऊन अँड विल्यमसनकडे आल्याची नोंद होती. २१ जून १९९४ रोजी केसलर यांनी हे सारे उपसमितीपुढे मांडले. जी गोष्ट नैसर्गिकरीत्या असते म्हणून सांगितले जात होते, ती वाढवण्यासाठी खास वाण तयार केले होते, शेतात पिकवले होते आणि सिगारेटींत वापरलेही होते. उद्देशाचा याहून स्वच्छ पुरावा मिळणे कठीण.

ऑगस्ट १९९६ मध्ये सिगारेटला निकोटीन देणारे साधन मानणारी नियमावली जाहीर झाली; तिचा सगळा भर अठरा वर्षांखालील मुलांवर होता. बहुतेक लोक शाळकरी वयातच सिगारेट ओढू लागतात, म्हणून हा मुलांचा रोग आहे, असे केसलर म्हणत. पुढल्या फेब्रुवारीत ते पदावरून उतरले आणि येल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठाता झाले.

२१ मार्च २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती नियमावली रद्द केली. एफडीएच्या कक्षेतले औषध सुरक्षित असावे लागते. सिगारेट सुरक्षित असूच शकत नाही, तेव्हा तिच्यावर बंदीच घालावी लागेल. आणि संसदेने तर वेळोवेळी तंबाखूची विक्री चालू राहील असे गृहीत धरूनच कायदे केले आहेत, असा तो युक्तिवाद. कायद्याच्या दृष्टीने तो भक्कम आहे, पण त्यातून निघणारा अर्थ विचित्र: वस्तू फार घातक आहे, म्हणूनच तिच्यावर नियंत्रण नको. आपल्या महाराष्ट्रात वाट उलट दिशेने निघाली. गुटख्यावरची २००२ ची राज्यातील बंदी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. नंतर केंद्राच्या २०११ च्या नियमांनी खाद्यपदार्थांत तंबाखू व निकोटीन घालण्यास मनाई केली आणि २०१२ पासून राज्याचे अन्न व औषध प्रशासन गुटखा हे अन्न आहे याच आधाराने बंदी घालत आले आहे.

अमेरिकी संसदेने २००९ मध्ये स्वतंत्र कायदा करून तंबाखू एफडीएच्या अखत्यारीत आणला, तोही औषधाची व्याख्या बाजूला ठेवून. या कायद्याने निकोटीन शून्यावर आणता येत नाही, परंतु कमी करता येते. त्याचाच आधार घेऊन जानेवारी २०२५ मध्ये एफडीएने सिगारेटच्या तंबाखूत दर ग्रॅममागे ०.७ मिलिग्रॅमहून अधिक निकोटीन असू नये, असा मसुदा प्रसिद्ध केला. वाय-१ च्या पानांत ते दर ग्रॅममागे साधारण ६० मिलिग्रॅम होते.