काही बिघडलंच, तर आधी हात थांबवा
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नमस्कार.

आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात येणाऱ्या बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच असतं, "मी काहीच केलं नाही हो, आपोआप झालं." आम्ही कोणावर रागावत नाही. नेमकं काय दाबलं ते सांगितलंत, तर आमचं काम सोपं होतं आणि तुमचे पैसे वाचतात. कॉम्प्युटर चुकतमाकतच येतो, आम्हालाही तसाच आला. त्यामुळे चुका करू नका असं आम्ही सांगणार नाही. आम्हाला काळजी आहे ती चुकीनंतरच्या दहा मिनिटांची.

माझं स्वतःचं सांगतो. १९९४ साली एका कचेरीत हिशेबाच्या कामाला लागून मला महिना झाला होता. फ्लॉपी (तेव्हाची काढघाल करायची छोटी डिस्क) फॉर्मॅट करायची, म्हणजे पुसून कोरी करायची होती आणि मी 'ए'च्या, म्हणजे फ्लॉपीच्या जागी 'सी', म्हणजे मशीनमधली हार्ड डिस्क टाइप केलं. सगळा डेटा जाईल, पुढे जायचं का, असं पडद्यावर आलं होतं. ते नीट न वाचता मी 'वाय', म्हणजे 'हो' दाबलं. चूक कळली तेव्हा हातपाय गार पडले. मालक जेवायला गेले होते. ते परत यायच्या आत सगळं जागच्या जागी दिसावं, म्हणून डॉस (विंडोजच्या आधी कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली) आणि बाकीचे प्रोग्राम मी भराभर पुन्हा टाकले. संध्याकाळी एका जाणकाराने विचारलं, "अनफॉर्मॅट का नाही केलंस?" डॉस ५ पासून ती कमांड होती, मला माहीत नव्हती. फॉर्मॅटने फक्त फाइलींची यादी पुसली गेली होती, हिशेब डिस्कवर तसेच होते. ते खरे गेले माझ्या सारवासारवीमुळे. वर्षाची खतावणी वह्यांवरून पुन्हा टाइप करायला आम्हा तिघांना दीड महिना लागला.

आजही हार्ड डिस्कवर फाइल पुसली की जवळपास हेच होतं. वाचनालयातल्या यादीतून पुस्तकाचं नाव काढलं, तरी पुस्तक फळीवर असतं. त्या जागी दुसरं पुस्तक ठेवलं की मात्र ते गेलं. म्हणून फोटो चुकून पुसले गेले, तर त्याच डिस्कवर फोटो परत आणणारं सॉफ्टवेअर डाउनलोड करू नका. ते सॉफ्टवेअर नेमकं तुमच्या फोटोंच्या जागेवर जाऊन बसू शकतं. एसएसडी (नव्या लॅपटॉपमधली, फिरते भाग नसलेली डिस्क) असेल तर वेळ आणखी कमी, कारण पुसलेली जागा ती स्वतःच साफ करत असते. मशीन बंद करा आणि घेऊन या. त्याआधी रिसायकल बिन तेवढा बघा, निम्म्या वेळा फाइल तिथेच सापडते. पेन ड्राइव्हवरून पुसलेलं मात्र रिसायकल बिनमध्ये जात नाही. आणि पेन ड्राइव्ह लावल्यावर "फॉर्मॅट करायचं का?" असं आलं, तर 'नाही' म्हणा.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. नारायण पेठेतल्या एक निवृत्त बाई वडिलांच्या आठवणींची जुनी फाइल घेऊन आल्या. नव्या लॅपटॉपवर ती उघडली की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसायची. व्हायरस समजून त्या ती पुसणार होत्या, पण आधी आम्हाला फोन केला. फाइलला काहीच झालं नव्हतं. युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी सारखीच दिसावी अशी अक्षरांची ठरलेली पद्धत, रुळायच्या आधी मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी वळणं बसवत. तो फॉन्ट मशीनवर नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. आम्ही जुना फॉन्ट टाकला, मग मजकूर युनिकोडमध्ये बदलून दिला. जोडाक्षरं काही ठिकाणी फुटली होती, ती बाईंनी स्वतः बसून दुरुस्त केली. पुण्यात घरोघरी अशा फाइली पडून आहेत. कृपा करून त्या टाकू नका.

लॅपटॉपवर चहा सांडला तर तो चालतोय का हे बघायला पुन्हा सुरू करू नका. पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा, चार्जर काढा, लॅपटॉप उघडाच पालथा ठेवा आणि त्याच दिवशी आणा. तांदळात ठेवून उपयोग होत नाही. पाणी सुकलं तरी साखर आणि दूध बोर्डावर चिकटून राहतात आणि धातू खात बसतात.

"तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाड आहे, हे ॲप टाका," असा फोन आला तर ठेवून द्या. तुम्ही न बोलावता आम्ही कधीही असा फोन करत नाही, ओटीपी तर मुळीच मागत नाही. पैसे गेलेच तर लाजू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

दुरुस्तीला येताना चार्जर आणा. पडद्यावर आलेल्या संदेशाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आणि बिघडल्यानंतर काय काय करून पाहिलं, ते आठवेल तसं कागदावर लिहून आणा.